तिथी पाहून खाडीकाठी



तुळशीची लग्ने लागू लागली, भात खळ्यावर आले आणि पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटू लागली, म्हणजे ठाण्याच्या खाडीवर पाहुणे उतरायला सुरुवात झाली असे समजावे. त्यांना भेटायला केव्हा जावे, कोणत्या वाटेने जावे आणि तिथे पोचल्यावर प्रथम कशाकडे पाहावे, हे आज तुमच्याशी बोलायचे आहे. विशेषतः शाळामास्तरांशी. मुलांना घेऊन बाहेर पडायचे म्हणजे वेळेचे गणित त्यांनाच मांडावे लागते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खाडीकाठी गेलात की पक्षी मागाहून पाहा, आधी पाणी पाहा. ते का, हे बोलता बोलता उलगडेल.

नवी मुंबई म्हटले की उंच इमारती आणि रुंद रस्ते डोळ्यांपुढे येतात. हे शहर सिडकोने १९७० नंतर वसवले, तेही पंचाण्णव गावांच्या जमिनींवर. त्या जमिनी म्हणजे भाताची खाचरे, मिठागरे आणि खाजणे. आगरी आणि कोळी लोकांच्या कित्येक पिढ्या तिथे राबल्या. करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली, दिवे ही गावे आजही आहेत. इमारतींच्या गर्दीत ती शोधावी लागतात एवढेच. गावांच्या पश्चिमेला खाडी. ती सुमारे सव्वीस किलोमीटर लांब आहे, आणि दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा माघारी जातो. ऐरोली ते वाशी या पट्ट्यात सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुढे २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. नेरूळ आणि सीवूड्सची तळी मात्र या अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. ही गोष्ट ध्यानात असू द्या. तिचे काम पुढे पडणार आहे.

फेरीसाठी वाटा दोन. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन विभागाचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथे कांदळवनातून जाणारी पायवाट आहे, माहिती देणारी माणसे आहेत आणि पाणी असेल तेव्हा होडीही मिळते. लहान मुलांना प्रथम तिथे न्यावे. दुसरी वाट सीवूड्सची. दारावे स्थानकावर उतरून पामबीच रस्ता ओलांडला आणि पश्चिमेला खाडीच्या रोखाने चालत राहिले की अर्ध्या-पाऊण तासात तळ्यांच्या काठी पोचता येते. एक तळे टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या आसपासचे, आणि दुसरे शेजारच्या एका शाळेच्या नावाने डी. पी. एस. तळे म्हणून ओळखले जाणारे. मला स्वतःला ही दुसरी वाट अधिक आवडते. तिथे कोणी काही समजावून सांगत नाही, त्यामुळे आपल्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आता वेळेचे गणित. शहरातले हौशी लोक रविवार पाहून येतात. खाडीला रविवार कळत नाही. अमावास्येच्या सकाळी सातला तुम्ही काठावर उभे राहिलात, तर पाणी ओसरून दूर गेलेले असते आणि समोर नुसता चिखल. पक्षी असतात, पण पार पाण्याच्या कडेशी. मुलांना दिसतात ते ठिपके. अर्ध्या तासात पोरे कंटाळतात आणि डबे उघडतात.

किनाऱ्यावरच्या लोकांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी बाराच्या सुमारास भरते, दुपारी आणि मध्यरात्री. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून चालते, म्हणून हे जमते. अर्थात हा ठोकताळा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसे आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते. नेमकी वेळ हवी असेल तर आता मोबाईलवरही मिळते. पण गुरुजी, मुलांकडून हा हिशेब एकदा पंचांग उघडून करून घ्याच. पावकी-पाऊणकी पाठ करण्याचा एवढा रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचित दाखवता येईल.

पाण्याचा जोरही तिथीवर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी उंच चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणून सकाळच्या फेरीला मला सर्वांत चांगल्या वाटतात त्या द्वादशी आणि त्रयोदशी. उजाडताना चिखल उघडा असतो, पाणी चढू लागलेले असते, आणि नऊ-पावणेदहापर्यंत ते भरत येते. एकादशीला जाऊ नये असे नाही. पण त्या दिवशी पाण्यालाही उपासच असतो, अंगात जोर कमी.

आता द्वादशीला सकाळी पावणेसातला आपण काठावर उभे आहोत असे समजा. समोर काळपट चिखल, आणि कडेने तिवरांची रांग. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटाएवढ्या काड्या उभ्या वर आलेल्या दिसतील. मुलांना वाटते की कुणी खुंट्या ठोकल्या आहेत. ती त्या झाडाची मुळे. चिखलात हवा नाही, म्हणून मुळे श्वास घ्यायला वर येतात. तिवराचे एक पान जिभेला लावून पाहा. खारट लागेल. मुळांवाटे आत आलेले मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकते. कांदळाचा तोडगा निराळा: त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबते, खाली पडले की चिखलात रोवले जाते किंवा पाण्याबरोबर तरंगत दुसरीकडे जाते. मोठ्या पांढऱ्या फुलांची चिप्पी दिसली तर तिला मान द्या. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष ठरवले. सरकारदरबारी मान मिळाला. डंपरवाल्यांपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

चिखलाकडे नीट पाहा. पावलागणिक भोके आहेत. एका बाजूचा डेंगा भलता मोठा असलेला इवलासा खेकडा बिळाच्या तोंडाशी उभा राहून तो डेंगा हलवत असतो. तो नर, मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो, एकाच हातवाऱ्यात. शेजारी निवटी उड्या मारत असते. मासा असून चिखलावर चालते. आगरी-कोळ्यांच्या घरात तिचे कालवण होते, त्यामुळे तिथली मुले तुम्हांला तिच्याबद्दल पुस्तकापेक्षा जास्त सांगतील. त्यांना बोलू द्या. चिखलात मात्र कुणालाही उतरू देऊ नका. वरून घट्ट दिसतो, पण मांडीपर्यंत पाय जातो आणि चप्पल तिथेच राहते.

पक्षी येतात ते या चिखलासाठी. यांतला छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन वीस-तीस ग्रॅम. उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड प्रदेशात त्याचे घरटे असते, आणि हिवाळा काढायला तो इथवर येतो. चिखल्यांतला एक तिबेटच्या पठारावर अंडी घालतो. पाणटिवळ्याची चोच लांब आणि सरळ, उचाट्याची वर वळलेली, कोरलची खाली वाकलेली. मुलांना विचारा, एकाच चिखलावर इतके पक्षी आहेत तर भांडणे का होत नाहीत? उत्तर चोचीत आहे. टिलवा वरचे वर टिपतो, पाणटिवळा खोल जातो, उचाट्या पातळ पाण्यात चोच डावी-उजवी फिरवतो. एकाच शेतात कुणी भाजी खुडावी, कुणी कंद उकरावे, तसे. लाल लांब पायांचा शेकाट्या यांच्यात मिरवत असतो; त्याला ओळखायला कुठलेही पुस्तक लागत नाही. तळ्यांकडे थापट्या आणि तलवार बदके उतरतात. थापट्याची चोच कालथ्यासारखी पसरट असते. ही सगळी एका जागी थवा करून असली आणि एकाएकी उडाली, तर वर पाहा: दलदलीवरचा भोवत्या नावाचा शिकारी पक्षी फिरत असणार.

आणि रोहित? नवी मुंबईत आलेला प्रत्येक जण प्रथम तेच विचारतो. गुलाबी फ्लेमिंगो कुठे आहेत? थंडीच्या तोंडावर ते थोडेच असतात. पुष्कळशी गर्दी पुढे, माघ-फाल्गुनापासून, आणि पावसाच्या आधी ते निघून जातात. गुजरातेत, कच्छच्या रणात त्यांच्या विणीच्या जागा आहेत. सालिम अलींनी १९४५ साली तिथली वसाहत पाहिली होती. मुंबईच्या खाडीत त्यांचे मोठे थवे दिसू लागले ते १९९० नंतरच्या दशकात. धाकटा रोहित बारीक शेवाळावर जगतो, आणि खाडीत ते शेवाळ माजते यामागे शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. आपली घाण खाडीत जाते, तिच्यावर शेवाळ पोसते, शेवाळावर रोहित पोसतात, आणि आपण त्यांचे फोटो काढतो. यात अभिमान बाळगावा की लाज, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला वाटते, रोहितांसाठी गर्दी करण्यापेक्षा कार्तिक-मार्गशीर्षात टिलव्या-चिखल्यांसाठी जावे. गर्दी नसते, हवा चांगली असते, आणि पाहायला अधिक असते.

आठ-सव्वाआठ झाले की पाणी चिखलावर चढू लागते. पाण्याच्या पुढे पुढे सरकत पक्षी काठाकडे येतात. ठिपके होते ते पक्षी होतात. हीच ती घटका. बोलायचे नाही, जागचे हलायचे नाही. मग चिखलाची शेवटची पट्टीही बुडते आणि सबंध थवा उठतो. जातो कुठे? आपण जिथून चालत आलो, त्या आतल्या तळ्यांवर. भरतीचे तीन-चार तास तिथे उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून विसावायचे आणि ओहोटी लागली की परत चिखलावर जायचे. खाडीचा चिखल हे त्यांचे शेत, आणि तळी ही त्यांची ओसरी. ओसरी मोडली तर नुसत्या शेतावर माणूस तरी किती दिवस राहील?

म्हणून म्हटले, पाणी पाहा. ही तळी पावसावर जगत नाहीत. खाडीचे पाणी ओहळांतून आणि नळ्यांतून आत येते आणि बाहेर जाते, त्यावर ती जगतात. आत-बाहेर थांबले की उन्हाळ्यात तळे आटते किंवा कुजते. पाण्याची ही ये-जा सांभाळण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. आगऱ्यांच्या खारबंदिस्तीत बांधाला उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते, आणि शेतातले पावसाचे पाणी निघून जाते. त्याच खाऱ्या जमिनीत तांबडा राता भात पिकवला जाई. दरसाल बांध घालायचे, उघाडीतला गाळ काढायचा, हे गावाचे सामाईक काम. पुढे सिडकोने शहर आखले तेव्हाही तत्त्व तेच राहिले. सखल भाग बुडू नये म्हणून धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. नाव बदलले, काम उघाडीचेच. फरक इतकाच की उघाडीचा गाळ काढायला गाव जमत असे, आणि धारण तलावाचा गाळ काढायचा तर फाइल फिरावी लागते.

डी. पी. एस. तळ्याचे २०२४ साली काय झाले ते यावरून कळेल. खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळे सुकत गेले, आणि त्या उन्हाळ्यात तिथे रोहित पक्षी मेले. त्याच वर्षी मे महिन्यात खाडीपलीकडे घाटकोपरला एका विमानाच्या धडकेत ३९ रोहित मेले, तो अपघात निराळा. पण एकामागून एक आलेल्या या बातम्यांनी लोक हलले. आसपासच्या रहिवाशांनी आणि पक्षिमित्रांनी तक्रारी केल्या, काठावर मानवी साखळ्या धरल्या. अखेर २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे सुमारे तीस एकरांचे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. मघाशी सांगितले ना, ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली होती? नकाशावरची रेघ चिखलाला आत घेऊन गेली आणि ओसरीला बाहेर ठेवून गेली. मान्यता मिळाली हे बरेच झाले. तरी कागदावरचे राखीव क्षेत्र पाण्याची नळी साफ करीत नाही.

इथे शाळेला करता येण्याजोगे एक काम आहे, आणि ते करमणुकीचे नाही. नळी किंवा ओहळ तळ्याला मिळतो, तिथे काठावरून दिसेल असा एखादा दगड, खांब किंवा भिंतीचा कोपरा खुणेचा ठरवा. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला, सकाळी दहाला पाणी खुणेच्या किती वर आहे ते पाहा आणि दुपारी एकला पुन्हा पाहा. वहीत चारच रकाने हवेत: तिथी, वेळ, पाणी, पक्षी. पक्ष्यांची नावे येत नसतील तर लांब पायांचे, आखूड पायांचे आणि बदके एवढे लिहिले तरी चालेल. उधाणाला खाडी भरली आणि तळ्याचे पाणी हललेच नाही, तर समजा की वाट बुजली आहे. तसे दोन उधाणांना लागोपाठ दिसले की तारखांसह कांदळवन कक्षाला आणि महापालिकेला लेखी कळवा. नुसते "तळे सुकत आहे" या तक्रारीपेक्षा मुलांच्या वहीतल्या आकड्यांना वजन अधिक असते. आकडे नाकारायला समोरच्याला स्वतः येऊन मोजावे लागते.

देशावरचे श्रोते म्हणतील, आम्हांला ना भरती ना ओहोटी, आम्ही काय करावे? तुमच्याकडेही पाहुणे उतरतातच. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर आणि बुलढाण्याचे लोणार, दोन्ही रामसरच्या यादीत आहेत. त्यांच्याइतका नावलौकिक नसलेली पाझर तलाव आणि गावतळी तर शेकड्यांनी आहेत. तिथे तिथीऐवजी कालव्याचे आवर्तन पाहा. बंधाऱ्याचे पाणी उतरले की काठाला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पट्टीवर तुतवार आणि परीट हजर होतात. खूण बांधावर करा. वही तीच चालेल.

जाताना भडक कपडे नकोत, खाऊच्या पिशव्या परत आणाव्यात, आणि पक्षी उडावेत म्हणून खडा मारणाऱ्या मुलाला त्या दिवसापुरते पाणी मोजण्याच्या कामावर बसवावे. भरतीच्या वेळी विसावलेला थवा उडवला तर त्याला दुसरी बसायची जागा शोधीत हिंडावे लागते, आणि चोचीने टिपून जमवलेली शक्ती त्यात जाते. दुर्बीण एकच असेल तर ती पाळीपाळीने द्या. नसली तरी अडत नाही. द्वादशीला पाणी चढत असताना टिलव्यांचा थवा वळतो, तेव्हा त्यांची पोटे एकदम पांढरी चमकतात आणि पुढच्या क्षणी पाठी वळून सगळे करडे होतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसते, सकाळी साडेआठच्या सुमारास, सूर्य आपल्या पाठीशी असताना.